वरच्या खोलीतलं पाणी

वळणावरची लाँड्री चालवणाऱ्या बाईला सगळी गल्ली लाँड्रीताई म्हणायची. बाई हाताने चोख आणि तोंडाने फटकळ. कुणाच्या शर्टावर कसला डाग आहे, तो कशाने निघेल आणि मुळात तो तिथे लागायलाच का नको होता, हे सगळं ती गिऱ्हाइकाला एका दमात सांगायची. तिच्या तोंडात तीळ भिजत नाही, असं लोक म्हणायचे. पण कपडे तिच्याकडेच टाकायचे.

तिचा नवरा मुलगी तान्ही असतानाच वारला. तेव्हा तिच्या थोरल्या भावाने तिला बोलावून घेतलं. "खालचं दुकान रिकामंच आहे. मागे दोन खोल्या आहेत. ये, राहा इथे. मी वर आहेच," तो म्हणाला. ती आली. पुढे लाँड्री, मागे संसार. वरच्या मजल्यावर दादा, वहिनी, त्यांची दोन मुलं आणि आई. दादाचे हे उपकार ती कधी विसरली नाही. त्याच्या कपड्यांना ती स्वतः इस्त्री करायची, आणि कामाला ठेवलेल्या बाईला त्या गठ्ठ्याला हात लावू द्यायची नाही.

तिच्या मुलीला सगळे बटण म्हणायचे. दुकानात सांडलेली बटणं वेचत ती मोठी झाली, म्हणून बटण.

आदल्या वर्षी गावाची मुख्य जलवाहिनी फुटली होती. नळ कोरडे पडले, आणि आले तेव्हा चहासारखं पाणी ओकले. त्या पाण्याने बटणला कावीळ झाली. शाळा बुडाली, पोरगी हळदीसारखी पिवळी पडून अंथरुणाला खिळली. ती उठून चालायला लागली तेव्हा लाँड्रीताईने मनाशी ठरवलं, तहान लागल्यावर विहीर खणायची वेळ पुन्हा येऊ द्यायची नाही.

तिने साठा करायला घेतला. बाई कामाला लागली की अर्धवट काही करायची नाही. तेलाचे जुने डबे तिने वास घेऊन परत केले, कारण तेलाचा वास पाण्यातून कधीच जात नाही. नवे कोरे कॅन आणले. ते ब्लीचिंगच्या पाण्याने विसळले, साध्या पाण्याने धुतले, उलटे घालून वाळवले आणि मग गळ्यापर्यंत भरले. कपड्यांवर खुणा करायची तिची न पुसणारी शाई होती, तिने प्रत्येक कॅनवर भरल्याचा महिना घातला. तांदूळ, मसूर, पीठ, साखर, मीठ घट्ट झाकणाच्या डब्यांत. बिस्किटं, दूध पावडर, टिनबंद मासे आणि ते उघडायची चावी, तीही डब्याला सुतळीने बांधून. मेणबत्त्या, काड्यापेट्या, एक वातीचा स्टोव्ह.

हे सगळं ठेवायचं कुठे, हा प्रश्न होता. तिच्या खोल्यांना ओल. कपडे धुण्याच्या वाफेने भिंती घामेजलेल्या, शिवाय साबण-सोड्याचा वास. दादाच म्हणाला, "वर मागची खोली पडूनच आहे. कोरडी आहे, ऊनही येत नाही. ठेव तिथे. आपलंच तर आहे सगळं."

मग तिने तिथे लाकडी फळ्या टाकल्या आणि एकेक कॅन जिना चढवून वर नेला. दर काही महिन्यांनी जुनं पाणी खाली आणून धुण्याला वापरायची आणि ताजं भरून वर न्यायची. धान्याचे जुने डबे पुढे, नवे मागे. साठा तिने सगळ्यांना पुरेल इतका केला होता. वरचे आणि खालचे, अशी वेगळी मोजदाद तिच्या डोक्यातही आली नाही.

वहिनीला या प्रकाराची गंमत वाटायची. "वन्सं, युद्ध कधी लागणार ते तेवढं आधी सांगा हं," ती जिन्यावर उभी राहून म्हणायची, "म्हणजे मी केस धुऊन घेईन."

"केस कसले धुताय, तेव्हा तोंड धुवायला मिळालं तरी देव पावला म्हणा," लाँड्रीताई कॅन खांद्यावर घेऊन धापा टाकत उत्तर द्यायची. दोघी हसायच्या. दादाही हसायचा. त्याने मात्र तिला कधी वेड्यात काढलं नाही. तो गावाच्या जलशुद्धीकरण केंद्रात पर्यवेक्षक होता. पाणी कुठून येतं, त्यात काय घालतात आणि काय बिघडू शकतं, हे त्याच्याइतकं घरात कुणाला कळत नव्हतं. तो एवढंच म्हणायचा, "करते आहे ते बरोबर करते आहे."

पुढे एका गुरुवारी सकाळी ती दुकान उघडत होती, तर दारात दादाची गाडी उभी. मागचं दार बंद, काचांना आतून चादरी लावलेल्या. वहिनी मुलांना पुढे कोंबत होती.

"कुठे निघालात सकाळीच?"

"हिच्या वडिलांचं जास्त झालंय," दादा म्हणाला. "निरोप आला. चार दिवस राहावं लागेल."

"अगंबाई! आईला कशाला नेताय एवढ्या लांब?"

"तिलाही भेटायचंय," दादा म्हणाला आणि चाकात हवा आहे का ते बघायला वाकला.

आई गाडीत बसली होती. तिने बटणला जवळ बोलावलं, तिच्या केसांवरून हात फिरवला आणि म्हणाली, "पाणी उकळून पी हं, बाळा."

"आई, आयुष्यात तू कधी उकळलेलं पाणी प्यायली आहेस का?" लाँड्रीताई हसून म्हणाली. "उकळलेल्या पाण्याला फडक्याचा वास येतो म्हणतेस ना?"

आई हसली नाही. गाडी गेली. व्याह्यांची काळजी असेल, असं वाटून लाँड्रीताईने विषय सोडून दिला. तरीसुद्धा आईचा शब्द म्हणून तिने पातेलंभर पाणी उकळलं. तो दिवस आणि दुसऱ्या दिवशीची सकाळ मायलेकी तेच पाणी प्यायल्या.

शुक्रवारी बटण शाळेतून लवकर घरी आली. पोटात मुरडा, तोंडाला चव नाही. दुकानाच्या पायरीवर बसून तिने ओकारी काढली. लाँड्रीताईने तिला साखर-मिठाचं पाणी करून दिलं, अर्थात त्याच पातेल्यातलं. आणि दुपारी भोंगा लावलेली गाडी गल्लीत शिरली. नदीच्या वरच्या अंगाला एका कारखान्याचं रसायन पाण्यात मिसळलं आहे, नळाचं पाणी कुणीही पिऊ नये, स्वयंपाकाला वापरू नये. "उकळल्याने हे पाणी शुद्ध होत नाही," भोंगा ओरडत होता. "पुन्हा सांगतो, उकळून उपयोग नाही."

लाँड्रीताईच्या हातातला पेला तसाच राहिला. तिने बटणच्या तोंडचं पाणी काढून ओतून दिलं, आणि मग तिच्या जिवात जीव आला. वर साठा होता की! गल्लीभर बायका दारात येऊन कपाळाला हात लावत होत्या, समोरच्या दुकानापुढे बाटल्यांसाठी झुंबड उडाली होती, आणि तिच्या घरात पाण्याची खोली भरलेली होती. शेजारच्या घड्याळजींना तिने जाता जाता हाक मारून सांगितलं, "काका, धावू नका तिकडे. आपल्याकडे आहे. तुम्हालाही देते."

खोलीची एक किल्ली तिच्याकडे असायचीच. जिना चढून तिने कुलूप काढलं.

खोली रिकामी होती.

लाकडी फळ्यांवर कॅनच्या बुडांचे गोल उमटलेले होते, एकाला एक लागून. धान्याच्या डब्यांची जागा झाडल्यासारखी स्वच्छ. कोपऱ्यात मिठाचा डबा आणि मेणबत्त्या तेवढ्या राहिल्या होत्या. लाँड्रीताई दारातच उभी राहिली. तिच्या मनात पहिला विचार आला तो चोराचा. घर बंद बघून कुणीतरी डल्ला मारला. आपल्या अंगणात चोर येऊन गेला आणि आपण खाली इस्त्री करत बसलो!

तिने दादाला फोन लावला.

"दादा, अरे, चोरी झाली! वरच्या खोलीतलं सगळं नेलंय कुणीतरी. कुलूप शाबूत आहे, म्हणजे माहितीतलाच माणूस असणार. आणि इथे पाण्याचा असा घोळ झालाय, तू ऐकलंस का? बटणला बरं नाही रे..."

 



"चोरी नाही झाली," दादा म्हणाला. "आम्ही आणलंय ते."

"काय आणलंय?"

"सामान. इथे माणसं जास्त आहेत. म्हटलं, लागेल."

मागे कुठेतरी लहान मुलं खिदळत होती. एका म्हाताऱ्या माणसाचा खणखणीत आवाज आला, "अरे, त्या पोरांना सरबत द्या कुणीतरी." तो आवाज लाँड्रीताईच्या ओळखीचा होता. ते वहिनीचे वडील होते. ज्यांचं जास्त झालं होतं ते.

ती फळ्यांच्या कडेला बसली. गुरुवारची सकाळ, काचांना लावलेल्या चादरी, चाक बघायला वाकलेला दादा, आई गाडीत बसून जे बोलली ते, सगळं तिच्या डोळ्यांपुढे ओळीने उभं राहिलं.

"तुला माहीत होतं," ती म्हणाली.

"हे बघ, फोनवर नको हे."

"गुरुवारी सकाळीच निघालास, म्हणजे तुला बुधवारीच माहीत होतं. पाण्याचे नमुने तुझ्याच हाताखालून जातात."

"वरून तोंडी आदेश होता, कुणाला बोलायचं नाही म्हणून. खात्री झाल्याशिवाय घबराट नको, असं म्हणाले. मी काय करणार? मी फक्त घरच्यांना सांगितलं."

लाँड्रीताईने फोन कानापासून दूर धरला आणि त्याच्याकडे बघितलं. घरच्यांना. खालून बटणच्या ओकारीचा आवाज आला तशी ती उठली.

दवाखान्यात आधीच रांग होती. मुलं, म्हातारे, हातात पातेलं घेऊन आलेल्या बायका. डॉक्टरीणबाईंनी बटणला सलाईन लावलं आणि विचारलं, "नळाचं पाणी किती प्यायली?"

"उकळून प्यायली."

"म्हणजे प्यायली," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. रागावून नाही, नुसतं लिहून घ्यायचं म्हणून. पण लाँड्रीताईला ते मुस्काटात बसल्यासारखं लागलं. पोरीला तिने स्वतःच्या हाताने पेला भरभरून पाजलं होतं. भावाला ठाऊक असलेलं विष.

बटणचा हात धरून ती बसून राहिली. तिला रडू आलं नाही. तिला सारखा एकच हिशेब सुचत होता: गाडीत कॅन भरायला दादाला जिन्यावरून किती खेपा घालाव्या लागल्या असतील? बुधवारी संध्याकाळी ती बटणला घेऊन बाजारात गेली होती, तेव्हाच. एकेक कॅन खाली आणताना तो तिच्या दारावरूनच गेला असणार. दारात तिची दुकानात घालायची चप्पल असणार, बटणचं दप्तर असणार. ते बघून एकदाही त्याचा पाय अडला नाही?

बटणला धोका टळल्यावर घरी सोडलं. पण घरी प्यायला काय? तेव्हा तिला आठवलं, वाफेच्या इस्त्रीसाठी ती शुद्ध पाण्याचे सीलबंद कॅन आणायची. नळाच्या पाण्याने इस्त्रीत क्षारांचा थर बसतो, म्हणून. तिने कोपऱ्यावरच्या औषधवाल्याला एक कॅन नेऊन दाखवला. त्याने लेबल वाचलं, झाकण हुंगलं. "हे माझ्याच घाऊक व्यापाऱ्याकडून येतं. प्या. चव लागणार नाही, पण टँकर येईपर्यंत निभेल. चिमूटभर मीठ-साखर टाका."

चव खरंच नव्हती. पाणी पितोय असं वाटायचंच नाही. दिलेल्या शब्दाला जागून तिने त्यातलं घड्याळजींना दिलं, पलीकडच्या बाळंतिणीला दिलं. घड्याळजींनी बदल्यात बिस्किटांचे पुडे आणले. "तुमच्या वरती साठा आहे म्हणालात ना?" त्यांनी सहज विचारलं.

"होता," ती म्हणाली. जन्मात पहिल्यांदा तिने एका शब्दात उत्तर दिलं, आणि घड्याळजी पुढे काही न विचारता गेले.

टँकर सुरू झाले, नळ धुतले गेले, पाणी पिण्याजोगं असल्याचं जाहीर झालं. त्यानंतर दादाची गाडी परत आली. वहिनी खाली उतरली आणि रिकामे कॅन एकात एक अडकवून लाँड्रीच्या दाराशी ठेवले.

"वन्सं, तुमचे कॅन," ती म्हणाली. "धुऊन आणलेत."

कॅनवर लाँड्रीताईच्या शाईच्या खुणा तशाच होत्या. ती बाहेर आली, कॅनकडे बघितलं आणि जिन्याकडे वळलेल्या दादाला हाक मारली. गल्लीतली माणसं थबकली.

"मला सांगितलं का नाहीस?"

"आत चल. इथे तमाशा नको."

"मी तमाशा करत नाही, विचारते आहे. मला का नाही सांगितलंस?"

दादा परतून दुकानात आला आणि दार लोटून घेतलं. तो थकलेला दिसत होता. "तुला सांगितलं असतं तर तू काय केलं असतंस? खरं सांग. तू गप्प बसली असतीस? अर्ध्या तासात सगळ्या गल्लीला कळलं असतं. माझी नोकरी गेली असती."

"हो," ती म्हणाली. "सांगितलं असतं मी. गल्लीतल्या एकेकाला ओरडून सांगितलं असतं. मग दवाखान्यात ती रांग लागली नसती."

"बघ. म्हणून नाही सांगितलं."

"बरं. मग बटणला घेऊन जायचं होतंस. काही न सांगता. मामाबरोबर चार दिवस, म्हणायचं होतंस. मी पाठवली असती. आणि पाण्याचं काय? एक कॅन, दादा. एक कॅन मागे ठेवायचा होतास."

 दादाने टेबलावरच्या शर्टाची बाही सरळ केली. "हिच्या माहेरी माणसं किती आहेत तुला माहीत नाही," तो म्हणाला. "आणि तू कर्तबगार आहेस. कुठूनही काढशील, असं वाटलं."

केसाने गळा कापतात म्हणतात, तो असा. वर शाबासकी देऊन.

आई दार ढकलून आत आली. "मी सांगितलं होतं ना," ती रडवेली होऊन म्हणाली, "उकळून प्या म्हणून?"

"विष उकळून जातं का, आई?"

"मला काय कळतं त्यातलं? तो म्हणाला, काही बोलू नकोस. मला राहवलं नाही, म्हणून तेवढं तरी बोलले."

"तेवढं बोललीस म्हणून मी निर्धास्त झाले," लाँड्रीताई म्हणाली. "काही बोलली नसतीस तर बरं होतं."

काही दिवसांनी चौकशी लागली. पाणी बिघडल्याचं कुणाला आधी माहीत होतं का, हे विचारत एक अधिकारी बाई घरोघर फिरत होत्या. त्या गल्लीत येणार त्या सकाळी आई पुन्हा खाली आली. पदराने डोळे पुसत म्हणाली, "त्याची पोरं लहान आहेत. तुला आसरा दिला त्याने. एवढं लक्षात ठेव."

"ते मी विसरले नाही, आई. म्हणून तर इतकं दुखतंय."

अधिकारी बाई दुकानातल्या स्टुलावर बसल्या. "तुम्हाला पहिल्यांदा कधी कळलं?"

"शुक्रवारी दुपारी, भोंग्यावरून."

"घरात आणखी कुणाला त्याआधी काही माहीत होतं?"

जिन्यावरून पावलांचा आवाज येत होता, तो मध्येच थांबला. दादा तिथे उभा राहून ऐकत होता, हे तिला कळलं. खोटं बोलायला एक शब्द पुरला असता. तिने बटणकडे बघितलं. पोरगी अजून काठीसारखी वाळलेली, भिंतीला टेकून अभ्यास करत होती.

"माझ्या भावाला," ती म्हणाली. "तो तिथेच कामाला आहे. बुधवारी संध्याकाळी त्याने घरातलं पिण्याचं पाणी गाडीत भरलं आणि गुरुवारी सकाळी गेला. आदेश वरून होता, असं तो सांगतो. ते वरचे कोण, तेही त्याला विचारा. तो एकटाच नसणार."

पावलं पुन्हा वर गेली.

तो एकटा नव्हताच. वरचे दोन साहेब घरी बसले. दादाची नोकरी वाचली, पण त्याला लांबच्या एका पंपघरावर टाकलं. सामान हलवताना तो लाँड्रीच्या दारात क्षणभर थांबला. आत आला नाही.

"मनासारखं झालं ना तुझ्या?" त्याने विचारलं.

तिला सांगायचं होतं, की मनासारखं काहीच झालं नाही. मला माझा भाऊ हवा होता, गुरुवारच्या आधीचा. पण ती "मुलांना जप," एवढंच म्हणाली. वहिनी तिच्याकडे न बघता गाडीत बसली.

पंपघरावरचं घर लहान, आईला न्यायची सोय नाही, असं ठरलं. आई वर एकटी राहिली. दोन्ही वेळचं जेवण लाँड्रीताई तिला खाली बोलावून वाढते. ताट नेहमी गरम असतं, भाजी आईला मऊ लागते तशी शिजवलेली असते. दोघी पोरीच्या शाळेबद्दल बोलतात, हवेबद्दल बोलतात. आई कधी कधी "त्या दिवशी मी..." असं सुरू करते, आणि लाँड्रीताई उठून भात आणायला जाते.

साठा तिने पुन्हा केला. आपल्याच आतल्या खोलीत, ओलीला तोंड देऊन, विटांवर फळ्या टाकून, साबणापासून लांब. या वेळी कॅन कमी होते, आणि ते वाहून न्यायला जिना नव्हता.

परवा जेवताना आईने इकडेतिकडे बघत विचारलं, "कुठे ठेवलंस गं आता ते पाणी?"

बटणने उत्तर द्यायला तोंड उघडलं. लाँड्रीताईने तिच्याकडे नुसतं बघितलं.

"आहे," ती आईला म्हणाली. "तू जेव."

आईने मान खाली घातली आणि जेवत राहिली. थोड्या वेळाने दुकानात गिऱ्हाईक आलं, तशी लाँड्रीताई हात धुऊन बाहेर गेली.